सांडपाणी, जंतू आणि वीज
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चमचाभर विरजणातले जंतू रातोरात पातेलेभर दुधाचे दही करतात, हे आपण रोज पाहतो. तेव्हा जंतू म्हटले की नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या मोरीतून वाहून गेलेले पाणी स्वच्छ करणारे कामगारही तेच आहेत.

1914 साली इंग्लंडात मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून जंतूंकरवी घाण नाहीशी करण्याची रीत प्रसिद्ध केली. आजही शहरोशहरी तीच चालते. परंतु त्यासाठी यंत्रे अहोरात्र चालावी लागतात आणि केंद्राची निम्म्याच्या आसपास वीज त्यातच खर्च होते. बिल परवडेना की यंत्रे थांबतात, पाणी तसेच नदीत जाते, आणि खालच्या गावची बाई तेच भरते.

मग हवा हवीच कशाला? अन्न पचवताना जंतूंकडून इलेक्ट्रॉन हे विजेचे कण सुटतात. ते स्वीकारायला प्राणवायू लागतो. परंतु 1987 साली अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळातून डेरेक लव्हली यांनी जिओबॅक्टर जातीचा जंतू शोधला. तो हे कण लोखंडाच्या गंजाला देतो. त्याचे भाईबंद पाण्यात ठेवलेल्या ग्रॅफाइटच्या कांडीलाही ते देतात. 2004 साली पेनसिल्व्हेनियात ब्रूस लोगन व सहकाऱ्यांनी अशा रीतीने सांडपाणी स्वच्छ होताना थोडी वीजही मिळवून दाखवली.

याच्या उलटही घडते. कांडीतून बेताची वीज दिली, तर काही जंतू तिच्या बळावर पाण्यातल्या नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करतात. हे नायट्रेट खतांतून व मैल्यातून विहिरीत उतरते. आपल्याकडे लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. ते फार असलेल्या पाण्यात तान्ह्याचे दूध कालवले, तर बाळ निळे पडू शकते, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. म्हणून ही विद्या मला आयांच्या जिव्हाळ्याची वाटते.

अर्थात हे प्रयोग अजून बहुतांशी लहान प्रमाणावरच आहेत, आणि मिळणारी वीजही थोडीच असते. परंतु रीत जुनी असो वा नवी, राबणार जंतूच. तळणीचे उरलेले तेल आणि भारंभार ॲसिड मोरीत ओतून त्यांच्या कामात विघ्न आणू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.