वहीतलं कार्टून, मोबाईलवरचे रंग आणि रेषा कुणाची?

हेडफोन लावलेत ना? आज हाताशी एक वही आणि पेन असेल तर तेही घ्या. बरेच जण विचारत होते, “आम्ही वहीत कार्टून काढतो, पण ते मोबाईलवर रंगवायचं कसं?” आज तेच बोलू. मी काही चित्रकार नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण या कामात दडलेलं गणित मला आवडतं. आणि त्यात एक भांडणही आहे, त्याकडे नंतर येतो.

पहिली पायरी, फोटो. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढा. फ्लॅश बंद. फोन कागदाच्या अगदी समांतर धरा, नाहीतर गोल चेहरा लांबट होतो. स्कॅनर असेल तर उत्तमच. लक्षात ठेवा, ए-फोर कागद ३०० डीपीआयला म्हणजे साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. पुढेमागे छापायचं असेल तर यापेक्षा कमी नको.

दुसरी पायरी, कागद घालवायचा आणि रेषा ठेवायची. आयबिसपेंटमध्ये फोटो आणला की ॲप स्वतःच विचारतं, रेषा वेगळी काढू का? हो म्हणा आणि काळ्या-पांढऱ्याचे स्लायडर हळूहळू हलवा. फार ओढलंत तर बारीक रेषा तुटतात, कमी ओढलंत तर कागदाचा करडेपणा राहतो.

आता आपल्यापैकी निम्मे लोक रेघी वहीतच काढतात, बरोबर? त्या निळ्या रेघांसाठी एक युक्ती आहे. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन थर. त्यातला फक्त निळा थर पाहिला तर फिकट निळी रेघ जवळजवळ पांढरी दिसते, काळं पेन काळंच राहतं. कॉम्प्युटरवर गिम्पमध्ये हा थर वेगळा काढता येतो, आणि गिम्प फुकट आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळा. समासाची लाल रेघ या थरात उलट गडद होते, ती हाताने खोडा. आणि चित्र निळ्या बॉलपेनने काढलं असेल तर रेघांबरोबर तेही फिकं पडेल! म्हणून काळं जेल पेन वापरा.

तिसरी पायरी, रंग. रेषेचा लेअर वर, रंगाचा लेअर खाली. वरच्याला मल्टिप्लाय मोड द्या. हा मोड नावाप्रमाणे खरंच गुणाकार करतो. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०. खालचा रंग गुणिले १, रंग तसाच. खालचा रंग गुणिले ०, काळी रेषा. संपलं!

मग बादलीने रंग ओतायचा. रेषेत एवढीशी फट असली तरी रंग सगळ्या पानावर सांडतो. हाताने काढलेल्या चित्रात फटी असणारच, त्यासाठी ॲपमध्ये फट ओळखण्याची सेटिंग असते. रंग एक-दोन पिक्सेल रेषेखाली सरकवा, म्हणजे कडेला पांढरी किनार दिसत नाही. आधी सपाट रंग, सावली नंतर, वेगळ्या लेअरवर.

आता ते भांडण. चिपळूणला माझी मामेबहीण आहे, दहावीत. तिचा एक बेडूक आहे, डराव्या. डोक्यावर इरलं, एक डोळा मोठा, एक बारीक, तोंड कायम वाकडं. घरच्या ग्रुपवर तिने तो टाकला. कुणीतरी कौतुकानेच तो एका एआय ॲपमध्ये घातला आणि दोन मिनिटांत रंगीत डराव्या परत आला. दोन्ही डोळे सारखे, चकचकीत. तोंड सरळ. इरल्याच्या जागी रेनकोटची टोपी. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. तिने मला वेगळा मेसेज केला, “दादा, छान आहे रे, पण हा कुणाचा आहे?” त्यानंतर तीन आठवडे तिने ग्रुपवर एकही चित्र टाकलं नाही.

तिच्या प्रश्नावर मी बराच विचार केला. कारण हा प्रश्न नवा नाही. डिस्नेच्या जुन्या चित्रपटांत ॲनिमेटरची पेन्सिल रेषा दुसरं कुणीतरी पारदर्शक शीटवर शाईने पुन्हा गिरवायचं. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डॅल्मेशियन्स’मध्ये त्यांनी झेरॉक्सच्या तंत्राने मूळ रेषाच थेट शीटवर उतरवली. कामाचा खर्च वाचला, आणि काढणाऱ्याच्या हाताचा खरखरीतपणा पडद्यावर दिसला. म्हणजे मशीन रेषा पुसतंच असं नाही. मशीनला काय करायला सांगतोय, त्यावर सगळं आहे.

आपण आत्ता जे तीन टप्पे पाहिले, त्यात रेषेला कुणी हात लावत नाही. वाकडं तोंड वाकडंच राहतं. एआय ॲप मात्र बहुतेक वेळा रंग भरत नाही, चित्र नव्याने बनवतं. त्याने हजारो ‘सुंदर’ डोळे पाहिलेत, डराव्याचा बारीक डोळा त्याला चूक वाटतो. आपल्या चिंटूचे केस कुणी नीट विंचरून दिले तर तो चिंटू राहील का? एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. रंगसंगती सुचवायला वापरा. पण दुसऱ्याचं चित्र त्यात घालण्याआधी त्याला विचारा. लहान मूल असेल तर आधी विचारा.

शेवटचं, सेव्ह करताना पीएनजी घ्या, जेपीईजीत रेषेभोवती घाण जमते. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापायला देणार असाल तर एक नमुना आधी काढून बघा, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मलूल होतो.

मामेबहिणीला मी ॲप शिकवलं, रंग तिचे तिने भरले. डराव्या आता हिरवा नाहीये, पावसाळी चिखलाच्या रंगाचा आहे. मला हे कधीच सुचलं नसतं.

तर या आठवड्यात वहीतलं एक जुनं कार्टून शोधा, फक्त तीन रंग वापरा आणि रेषा आहे तशी ठेवा. पुढच्या भागात सावलीबद्दल बोलू. तोवर काढत राहा!