गुणगुणणारें आधण

वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या कांठच्या एखाद्या घरांत, चुलीवर चहाचें आधण ठेवलें म्हणजे उकळी फुटण्यापूर्वीं पाणी कांहीं वेळ गुणगुणूं लागतें. उकळी आली कीं तो आवाज उलट मंद नि मऊ होतो. हें घरोघरीं रोज घडतें, आणि म्हणूनच कोणी त्याकडे लक्ष देत नाहीं.

भांड्याच्या कडांना प्रथम जे मण्यांसारखे बुडबुडे चिकटतात ते वाफेचे नव्हेत. पाण्यांत विरघळलेली हवा तापल्यामुळें बाहेर पडते, तिचे ते. वाफेचे बुडबुडे मागाहून तळाशीं जन्मतात, तेहि वाटेल तेथें नव्हे. तळावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात. त्यांत हवेचा किंवा वाफेचा अंश अडकून राहतो, व तोच बुडबुड्याचें बीज होतो. बीजावांचून बुडबुडा धरणें फार कठीण. पाण्याच्या पृष्ठभागाला ताणलेल्या पडद्याप्रमाणें आकसण्याची ओढ असते. बुडबुडा जितका लहान तितका तो अधिक आवळला जातो. एक सहस्रांश मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यावर हा जादा दाब वातावरणाच्या दाबाहूनहि अधिक भरतो, आणि तो सोसण्यासाठीं आंतली वाफ १२० अंशांच्या वर तापलेली असावी लागते. पाणी १०० अंशांवर उकळतें, हें क्रमिक पुस्तकांतलें वाक्य खोटें नाहीं, (पवनार समुद्रसपाटीहून उंच असल्यानें तेथें किंचित आधींच उकळतें, ही गोष्ट वेगळी!) परंतु तळालगतच्या थरांत काय चालतें, तें त्या वाक्यांत येत नाहीं.

फुगलेला बुडबुडा तळ सोडून निघतो, तों वरचें पाणी अजून थंडच असतें. वाफेचें तत्क्षणीं पाणी होतें, आणि तें पाणी वाफेच्या सुमारें सोळाशेव्या हिश्शाइतकीच जागा व्यापतें. उरलेल्या पोकळींत चहूंकडचें पाणी धांवून आदळतें. अशा असंख्य आघातांचें तें गुणगुणणें. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं केलेलें या आवाजाचें विवेचन वाचून लॉर्ड रॅले यांनीं १९१७ सालीं मिटणाऱ्या पोकळीचें गणित मांडलें, व शेवटच्या क्षणीं दाब किती भयंकर वाढतो तें दाखविलें. जहाजांच्या पंख्यांना खड्डे कां पडतात, याचा उलगडा होण्यास त्याचें साहाय्य झालें. चहाच्या किटलीनें एवढें कार्य करावें, हें नवलच.

शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या यंत्रांच्या एका जातींत हाच बुडबुडा मुद्दाम घडवितात. केसाच्या जाडीएवढ्या तापकावर शाईचा पातळ थर सेकंदाच्या कांहीं दशलक्षांश भागांत ३०० अंशांच्या आसपास पोंचतो. ओरखड्यांची वाट पाहण्यास तेथें अवधिच नसतो. सारा थर एकदम वाफ होतो आणि शाईचा थेंब बाहेर फेकतो. पुढें बुडबुडा मिटतांना तापकावर घाव बसतो, म्हणून त्याला टँटलम धातूचें कवच देतात.

पालघर जिल्ह्यांतील तारापूर येथें १९६९ सालीं सुरू झालेल्या दोन अणुभट्ट्या तर पाणी उकळण्याच्याच तत्त्वावर बांधलेल्या. इंधनाच्या नळ्यांवर उठणारा प्रत्येक बुडबुडा उष्णता घेऊन जातो व आपल्या जागीं ताजें पाणी येऊं देतो. मात्र उष्णता अति झाली कीं बुडबुडे एकमेकांत मिसळून वाफेचा सलग पडदा होतो, पाणी धातूला शिवतच नाहीं, आणि धातूचें तपमान एकाएकीं चढतें. जपानांत नुकियामा यांनीं १९३४ सालीं पाण्यांत बुडविलेल्या बारीक तारांवर ही मर्यादा मोजून दाखविली. निक्रोमची तार ती ओलांडतांच जळून तुटे. लालभडक तव्यावर पाण्याचा थेंब चटकन् न आटतां नाचत राहतो, तोहि याच पडद्यावर. तव्यावर तें कौतुकानें पाहतां येतें. अणुभट्टींत त्या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडे थांबावें लागतें.