परत न केलेली कॅसेट





स्वागताध्यक्ष म्हणजे मांडवाचा खर्च उचलणारा, असा आपल्याकडचा रिवाज. माझी ती ऐपत नाही. संयोजक घरी आले तेव्हा मी तेच म्हणालो. ते म्हणाले, "काका, पैसे आम्ही बघतो. तुम्ही फक्त उभे राहा. परिषद मूकपटांतल्या बस्टर कीटनवर आहे आणि या गावात त्याचा पहिला धंदा तुम्ही केलाय." पहिला का, ते मला ठाऊक नाही. धंदा केला, हे मात्र खरं.

1982च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास आपल्याकडे रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले. त्यानंतर दोनच वर्षांनी मी कोल्हापुरात, शाहूपुरीत व्हिडिओ लायब्ररी काढली. दहा बाय बाराचा गाळा, तीन भिंतींना फळ्या आणि काउंटरवर रिवाइंड करायचं एक मशीन. डिपॉझिट भरलं की मेंबर. अमिताभ आणि दादा कोंडके रांगेत असायचे, त्यांना शोधावं लागत नसे. सगळ्यात खालच्या फळीवर मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यानं गठ्ठ्यासोबत फुकट दिलेली एक कॅसेट होती. लेबलवर पेननं 'इंग्लिश कॉमेडी' एवढंच लिहिलेलं.

ती कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी आणि तिचीही कॉपी. तिच्यात दोन छोटे मूकपट होते आणि एका मोठ्या मूकपटाचा शेवटचा अर्धा तास. नावं कापलेली. वादळात भोवऱ्यासारखं गरगरणारं एक घर, शेकडो पोलीस मागे लागलेला एक बुटका माणूस आणि मग आगगाडी. घर होतं कीटनच्या 1920च्या 'वन वीक'मधलं, पोलीस 1922च्या 'कॉप्स'मधले आणि गाडी 'द जनरल'मधली, हे मला कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली. तोवर मी मेंबरांना सांगायचो, "चार्लीची आहे, घेऊन जा." त्या कॅसेटमध्ये माणसाचा चेहरा म्हणजे टोपीखाली एक पांढरा डाग. नाक नाही, डोळे नाहीत. हा माणूस कधी हसत नाही, जग त्याला दगडी चेहऱ्याचा म्हणतं, असं नंतर कुठेतरी वाचलं तेव्हा मला पटलंच. दगड मी स्वतः पाहिला होता की.

कीटनचा जन्म 4 ऑक्टोबर 1895 रोजी अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या खेड्यात झाला. आईबाप रंगमंचावर खेळ करत गावोगाव फिरणारे. पोरगा चालता-बोलता झाला तसा बापानं त्यालाही खेळात घेतला. घेतला म्हणजे काय, तर उचलून फेकायला. पडद्यावर, विंगेत, वाद्यवृंदाच्या खड्ड्यात. कोल्हापूरकरांना यात नवल वाटू नये. तालमीत गेलेल्या प्रत्येकाला पडायचं कसं हे अंगानं माहीत असतं. पडणं ज्याला येतं त्याची भीती जाते. 1928च्या 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर'मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते, आणि वरच्या उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्या अंगाभोवती पडते. त्यात कॅमेऱ्याची करामत नाही. भिंत खरी होती, तिचं वजन खरं होतं, आणि तो खिळ्याच्या खुणेवर उभा होता.

अशा माणसाचे चित्रपट वाचले कसे, ही गोष्ट त्या भिंतीइतकीच थरारक आहे. ती थोडी सांगतो, कारण आपली दोन दिवसांची चर्चा तिच्याभोवतीच फिरणार आहे.

त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेटते आणि पेटली नाही तर डब्यात चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. बोलपट आल्यावर मूकपटांना किंमत उरली नाही. 'द जनरल' आज जगातल्या श्रेष्ठ चित्रपटांत मोजतात, पण त्याच्या काळात तो पडला होता. त्यात एक खरं इंजिन पुलासकट नदीत कोसळतं, आणि तो खर्च निर्मात्यांच्या उरावर बसला. पुढे कीटनच्या हातून स्वतःचा स्टुडिओ गेला, संसार मोडला, बेव्हर्ली हिल्समधला बंगला गेला. 1940च्या दशकाच्या अखेरीस तो बंगला जेम्स मेसन या नटानं घेतला आणि त्याला आवारातच कीटनच्या जुन्या रिळांचा साठा सापडला. घर विकलं गेलं होतं, रिळं तिथेच राहिली होती.

हे चित्रपट वाचवणारा दुसरा माणूस रेमंड रोहाउअर. लॉस एंजेलिसमध्ये जुने चित्रपट दाखवणारं एक थिएटर तो चालवायचा. 1954 साली कीटन त्याला भेटला. कीटनजवळ उरलेली रिळं रोहाउअरनं सहज न पेटणाऱ्या फिल्मवर उतरवून घेतली, हक्कांची जुळवाजुळव केली आणि चित्रपट पुन्हा पडद्यावर आणले. 1962 साली पॅरिसच्या सिनेमातेकनं कीटनचे चित्रपट दाखवले, त्याच वर्षी 'द जनरल' जर्मनीत लागला आणि त्यासाठी कीटन स्वतः तिकडे गेला. 1965 साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभं राहून त्याला टाळ्या दिल्या. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. रोहाउअर सज्जन होता असं कोणी म्हणत नाही. हक्क सांगत तो लोकांना कोर्टात खेचायचा, मालकी दिसावी म्हणून पाट्या बदलायचा. पण त्याला चित्रपट दाखवायचे होते. ज्यांच्याकडे कायदेशीर मालकी होती, त्यातल्या अनेकांना ते फेकून द्यायचे होते. मीही पायरेटेड कॅसेटींवर संसार केलेला माणूस असल्यामुळे रोहाउअरबद्दल मला जरा मऊ बोलावंसं वाटतं. परिषदेच्या अध्यक्षबाईंनी ते पोटात घालावं.

त्यानंतरचा प्रवास आपल्या घरातल्या पडद्याचा. 1995 साली, कीटनच्या जन्मशताब्दीला, किनो या कंपनीनं त्याचे मूकपट व्हिडिओ कॅसेटवर आणले. 2001 साली डीव्हीडींचा संच आला. 2009 साली 'द जनरल'ची ब्लू-रे आली. 2015पासून इटलीतलं बोलोन्याचं सिनेमातेक देशोदेशीच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून, ज्या प्रतीतली जी चौकट चांगली ती घेऊन हे चित्रपट नव्यानं जोडू लागलं. 2013 साली अर्जेंटिनातल्या फर्नांडो पेन्या यांच्या हाती 1922च्या 'द ब्लॅकस्मिथ'ची एक प्रत आली, आणि तिचा उत्तरार्ध जगाला माहीत असलेल्या चित्रपटापेक्षा वेगळा निघाला. नव्वद वर्षं आपण सगळे एक चित्रपट पाहत होतो आणि कीटननं प्रत्यक्षात दोन करून ठेवले होते.

माझ्या मुलानं पुण्याहून 'द जनरल'ची चांगली डिस्क आणली. एक प्रसंग सांगतो, उद्या तो जरूर बघा. इंजिन ड्रायव्हर जॉनीला प्रेयसीनं झिडकारलंय. तो आपल्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर बसतो. आत कोणीतरी इंजिन चालू करतं. चाकं फिरू लागतात, दांडा त्याला वर नेतो, खाली आणतो, पुन्हा वर नेतो. त्याला पत्ताच नाही. इंजिन शेडच्या काळोखात शिरणार, तेवढ्यात त्याला उमगतं. माझ्या कॅसेटमध्ये हा भाग नव्हताच, आणि असता तरी एक डाग वर-खाली झाला एवढंच दिसलं असतं. डिस्कवर मी ते डोळे पाहिले. आधी रिकामे, मग किंचित वळलेले, मग अख्खी चूक एका क्षणात वाचणारे. मी रिमोटनं तो भाग पाच-सहा वेळा मागे नेला. दगड माझ्या कॅसेटमध्ये होता, त्या चेहऱ्यात नव्हता. पंधरा-वीस वर्षं मी एका मोठ्या नटाला वाईट कॉपीच्या नजरेनं जोखलं होतं.

आता आपल्या गावाविषयी. बाबूराव पेंटरांनी याच शहरात स्वतः कॅमेरा बनवला आणि चित्रपट काढले. 1925 साली त्यांचा 'सावकारी पाश' आला, त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. त्याच वर्षी तिकडे कीटनचा 'सेव्हन चान्सेस' आला. 'सेव्हन चान्सेस' आज तुमच्या मोबाइलवर आहे. तो मूक 'सावकारी पाश' कुठेही नाही. पेंटरांनी 1936 साली त्यावर बोलपट केला, त्यावरून मूळ कसा असेल याचा आपण अंदाज करत बसतो. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, पूर्ण-अपूर्ण धरून तीसही उरले नाहीत. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. गाव रडलं. पण त्याची मोजमापं आहेत, छायाचित्रं आहेत, ते पुन्हा उभं करता येतं. 'सावकारी पाश' कोणत्या नकाशावरून उभा करायचा?

आगीइतकीच आम्हाला पाण्याची ओळख आहे. ऑगस्ट 2019च्या महापुरात पंचगंगा माझ्या गाळ्यात छातीएवढी शिरली. लायब्ररी केव्हाच बंद झाली होती, पण अडीच हजार कॅसेटी मी जपून ठेवल्या होत्या. कुलूप लावून, डांबरगोळ्या घालून. चिखलातून काढल्या तेव्हा एकही चालण्यासारखी नव्हती. पंधरा दिवसांनी एक गृहस्थ घरी आले. खिशातून पिशवी काढली, पिशवीतून कॅसेट. 'इंग्लिश कॉमेडी'. 1993 साली नेलेली, परत करायची राहून गेलेली. म्हणाले, "काका, पोरं लहान असताना दर दिवाळीला लावायचो. तुमचं सगळं गेलं असं ऐकलं, म्हटलं ही तरी द्यावी." उशिराचा दंड रोजचा पाच रुपये होता. सव्वीस वर्षांचे 47,000 रुपयांच्या वर झाले. मी त्यांना चहा पाजला आणि पावती फाडली नाही.

कुलपात ठेवलेली प्रत बुडाली, दर दिवाळीला लावलेली वाचली. त्या संध्याकाळपासून मी जतनाचा अर्थ असा लावतो, की प्रत हिंडती राहिली पाहिजे, अनेकांच्या घरी राहिली पाहिजे, आणि वरचेवर लागली पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं पी. के. नायर यांच्या काळात हेच केलं. तिथून 16 एमएमचे डबे एसटीनं, रेल्वेनं गावोगावच्या फिल्म सोसायट्यांकडे जायचे. आपल्यापैकी कित्येकांनी ते डबे खांद्यावरून वाहिले आहेत.

दाखवताना तीन गोष्टी सांभाळाव्यात, एवढी एक अनुभवी विनंती. पहिली, हक्क. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, तेव्हा कीटनचे मूकपट आपल्याकडे मोकळे आहेत. पण डिस्कवरचं नवं संगीत मोकळं असेलच असं नाही, आणि घरी बघायची डिस्क सभागृहात लावण्याआधी परवानगी विचारावी. दुसरी, गती. मूकपट हातानं कॅमेरा फिरवून घेतले, वेग ठरलेला नसायचा. सरसकट सेकंदाला 24 चौकटींनी पळवले की माणसं माकडासारखी उड्या मारतात आणि लोक समजतात, तेव्हाचा विनोद असाच असायचा. तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शेजारी. विनोदी चित्रपट एकट्यानं बघू नये. 'सेव्हन चान्सेस'च्या चाचणी-खेळात कीटनच्या लक्षात आलं, की उतारावरून त्याच्या मागे दोन-तीन धोंडे गडगडतात तिथे लोक हसले. त्यानं तो खेळ संपल्यावर कागदाच्या लगद्याचे लहान-मोठे दीडेक हजार धोंडे करवले आणि त्या प्रसंगाचं नव्यानं चित्रण केलं. चित्रपटाचा तो कळस प्रेक्षकांच्या हसण्यातून निघाला. तेव्हा घरच्या सोफ्यावर आपण जो बघतो, तो अर्धाच.

मंडळी, व्यवस्थेत उणिवा राहतील. काहींना खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली आहे आणि लिफ्ट कालपासून रुसली आहे. तांबडा रस्सा तिखट लागला तर पांढरा मागा, न मागता कोणी वाढणार नाही. रात्री सभागृहाचं छप्पर गळलं, पण प्रोजेक्टरच्या बाजूला नाही, याची मी स्वतः खात्री केली आहे.

उद्या संध्याकाळी 'द जनरल' आपण जिवंत वाद्यांवर दाखवणार आहोत. आपल्याकडे मूकपटाला पेटी-तबला असायचा, तो आहेच. पण इंजिनांच्या पाठलागासाठी आम्ही खासबाग मैदानात कुस्त्यांना वाजवणारा एक हलगीवाला बोलावला आहे. त्याला परवा घरी बसवून मी दहा मिनिटांचा तुकडा दाखवला. तो हसला नाही. पैलवान जोखावा तसा कीटनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, गडी झकास पडतोय. पर हलगी पडल्यावर वाजवायची का उठल्यावर?"

मला उत्तर देता आलं नाही. उद्या सहा वाजता सगळ्यांनी मिळून ऐकू या.