मेढ कुणी रोवायची?

(कळवण येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



इथे येताना एकीने विचारले, ‘‘ताई, आज कशावर बोलणार? हुंड्यावर की दारूवर?’’ मी म्हटले, खड्ड्यावर. ती हसली. पण मी खरोखरच अडीच फुटांच्या खड्ड्यावर बोलणार आहे.

आपल्या भागात मार्च ते मे उन्हाळ कांद्याची काढणी चालते. उपटायला, कापायला, निवडायला बहुतेक बायाच. कांद्याला वारा लागावा म्हणून चाळ कशी बांधायची याचा केवढा विचार होतो! कांदा कापणारीच्या लेकराला मात्र बांधावरच्या बाभळीची सावली, तीही सरकत जाणारी. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी मुलांसाठी सावली आणि प्यायचे पाणी हवे, सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर सांभाळायला एक बाई हवी, असे लिहिले होते. खाजगी शेतावरच्या मजुरीला त्याचा काय उपयोग? म्हणून आमच्या गटाने ठरवले, एकीच्या परसबागेत, वालाच्या वेलाशेजारी, लाकडी मांडव घालायचा.

पहिला मांडव पुरुषमंडळींनी घातला. आम्ही चहा केला. चार मेढी, वर आडवे वासे, त्यावर पत्रे, पत्र्यांवर दगड. खड्डे जेमतेम वीतभर, लग्नाच्या मांडवाला घेतात तसे. मी विचारले होते, एवढे पुरतील का? उत्तर मिळाले, ‘‘बाई, मांडवाला काय वजन असतं?’’ मी गप्प बसले. ते गप्प बसणे मला अजून खुपते.

मे महिन्यात एका दुपारी वळीव आला. एक मेढ उपटली आणि मांडव एका अंगावर कलला. दोन पत्रे उडाले, दगड खाली पडले. आड्याला एका बाळाची झोळी बांधलेली होती. आकाश भरून आले म्हणून आईने बाळाला नुकतेच उचलून नेले होते. झोळी पत्र्याखाली सापडली.

मग आम्ही एका म्हाताऱ्या सुतारबाबांकडे जाऊन बसलो. त्यांनी पहिले वाक्य सांगितले ते असे, की मांडव वजनाने पडत नाही, तो वाऱ्याने उचलला जातो. वारा पत्र्याखाली शिरतो आणि सगळे वर ओढतो. म्हणून पत्रा वाशाला, वासा मेढीला आणि मेढ जमिनीला बांधलेली हवी. यातली एक गाठ सुटली की बाकीच्यांचा उपयोग नाही. पत्र्यावर दगड ठेवणे तर घातकच, वादळात तोच डोक्यात पडतो. पत्रे हुकाच्या बोल्टने आवळायचे.

दुसरा मांडव आम्ही घातला. आठ फूट लांब, सहा फूट रुंद. कोपरे काटकोनात आहेत का हे बघायला गुण्याही लागला नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी धरायची, दोन्ही बाजूंनी बरोबर दहा फूट भरली की झाले. सहावी शिकलेल्या मावशींनी हे आमच्यात सगळ्यांच्या आधी पकडले. खड्डे अडीच फूट. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मेढ सैल होते, म्हणून निघालेली माती परत न भरता मुरूम भरला, वीत वीतभर टाकून धुमसाने ठोकला. तळाशी थोडे दगड, पाणी मुरायला. मेढीच्या पायाला आडवा दांडा ठोकून तो मुरुमात गाडला. आता मेढ वर यायची तर वरची सगळी भर घेऊनच आली पाहिजे. वर बुंध्याभोवती मातीचा उंचवटा केला, पाणी बाहेर जावे म्हणून.

एवढे करूनही मांडव ढकलला तर डुलत होता. चौकोन असाच असतो, कोपऱ्यात दबतो. त्रिकोण दबत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दोन तिरपे टेकू: मेढीवर माथ्यापासून दोन फूट खाली एक टोक, आडव्यावर दोन फूट आत दुसरे. चार कोपऱ्यांचे आठ टेकू. सुतारबाबा म्हणाले, खिळे मारू नका, ओढ बसली की उपसतात. भोक पाडून बोल्ट घाला. खर्च वाढला, गटात कुरबूर झाली.

शिडीवर बायांनी चढायचे नाही, असेही सांगून झाले. मी चढले. नऊवारीचा काष्टा घातलेल्या आक्का माझ्याआधी चढल्या होत्या!

पुढचा वळीव मांडवाने सोसला. अडचण आली ती घरातून. परसबाग सासऱ्यांच्या नावे. दीर म्हणाले, आमच्या जागेत गावची पोरे नकोत, काढून घ्या. आमच्या मैत्रिणीचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. वीस वर्षे त्या बागेला पाणी तिने घातलेले. चांदवड इथून लांब नाही. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले होते. पुढे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमातून कित्येकांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. ते आमच्या गावापर्यंत पोचले नाही, एवढेच म्हणते.

आम्ही भांडलो आणि हरलो. पण बोल्ट होते म्हणून मांडव एका सकाळी उलगडता आला. एकही लाकूड फुटले नाही. आता तो दुसऱ्या मैत्रिणीच्या जागेत उभा राहणार आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तिचे स्वतःचे नाव आहे. या वेळी उतारा आम्ही आधी वाचला, मग पहार उचलली. दोन खड्डे झाले आहेत, दोन बाकी. शिकायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी सातला यावे, येताना घमेले आणावे. चहा पुरुषमंडळी करणार आहेत, तसे कबूल करून घेतले आहे.