झडप नवी, शिस्तही नवी



१९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला आणि या नगरीचे नाव धोट्याच्या अखंड नादाशी जोडले गेले. मनुष्याच्या छातीतही असाच एक माग अहोरात्र चालू असतो. हृदयाच्या चार झडपा दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडतात व मिटतात. रक्ताने पुढे जावे, मागे फिरू नये, एवढेच त्यांचे कार्य.

आपल्या देशात या झडपा निकामी होण्याचे एक प्रमुख कारण बालपणीचा ऱ्हुमॅटिक ताप हे आहे. दाटीची वस्ती, मुलाचा दुखरा घसा आणि अर्धवट उपचार यांचे मोल अनेक वर्षांनी धाप लागण्याच्या रूपाने चुकवावे लागते.

झडप दुरुस्त होण्यासारखी नसेल तर ती बदलावी लागते. छातीचे हाड उघडून, हृदय थांबवून, रक्ताभिसरण यंत्रावर सोपवून ही शस्त्रक्रिया काही तासांत होते. रुग्ण एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात व साधारण आठवडाभर रुग्णालयात असतो. हाड सांधण्यास दोन-तीन महिने लागतात. तोवर जड ओझे उचलणे वर्ज्य.

प्राणिज ऊतींची झडप बहुधा दहा-पंधरा वर्षे टिकते. यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, परंतु रक्त पातळ ठेवणारी गोळी आजन्म घ्यावी लागते. खरा धोका येथेच आहे. बरे वाटू लागताच गोळी सोडली, तर झडपेवर गुठळी धरते आणि प्राणावर बेतते. मात्रा अधिक झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून 'आयएनआर' ही रक्ततपासणी ठरल्या दिवशी व्हायलाच हवी. दात काढण्यापूर्वी किंवा मातृत्वाचा विचार करण्यापूर्वी हृदयतज्ज्ञांचा सल्ला अनिवार्य होय.

परदेशी झडपा सामान्यांना परवडत नव्हत्या, तेव्हा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी झडपेची साधना चालली होती. तीन रचना फसल्या, चौथी सिद्ध झाली. डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसली. ती हृदयाशी शिवली जाते, ते कडे पॉलिएस्टर वस्त्राचे असते. विणकरांच्या नगरीस याचे विशेष अप्रूप वाटावे!

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. शासन खर्चाचा भार उचलू शकते, परंतु गोळीची वेळ पाळणे घरच्यांच्याच हाती असते. वस्तीतील अशा एखाद्या रुग्णाला तपासणीच्या दिवशी आठवणीने घेऊन जाणे, घसा दुखणाऱ्या मुलाला वेळीच डॉक्टरांकडे पोहोचवणे, हेही समाजकार्यच आहे. त्याचा आरंभ आपल्या गल्लीतूनच व्हावा.