पॅलेटची बाग

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



बडोदे शहराला बागांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी उभी राहिलेली सयाजीबाग अनेक ज्येष्ठांच्या तोंडी आजही ‘कमाटीबाग’च आहे. याच शहराच्या भोवती मकरपुरा, वाघोडिया, नंदेसरी, हालोल अशा औद्योगिक वसाहतींचे कडे आहे. तेथे येणारा आणि तेथून जाणारा बराचसा माल लाकडी पॅलेटवर बसून प्रवास करतो. प्रवास संपला, एखादी फळी मोडली, की ते पॅलेट भंगारात निघते. अशा निकामी पॅलेटांपासून शाळेच्या अंगणात बाग उभी करता येते आणि अलीकडे अनेक शाळांत तशी होतही आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

‘टाकाऊपासून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यामागील भावना चांगली असली, तरी त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : समोरची वस्तू टाकाऊ आहे, आणि तिच्यापासून होणारी वस्तू टिकाऊ असेल. पॅलेटच्या बाबतीत या दोन्ही गृहीतांची तपासणी करावी लागते. ती केली तर बाग सुरक्षित होते आणि विद्यार्थीही काही मोलाचे शिकतात. ती टाळली, तर सुंदर दिसणाऱ्या वाफ्यातून मुलांच्या ताटात काय येईल, याची खात्री देता येत नाही.

प्रथम या वस्तूची ओळख करून घेणे योग्य ठरेल. पॅलेट म्हणजे माल रचण्यासाठी केलेला सपाट लाकडी चौथरा. त्याच्या वरच्या व खालच्या फळ्यांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते; त्या जागेत फोर्कलिफ्टचे दोन सुळे शिरतात आणि संपूर्ण थर एकाच वेळी उचलला जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची प्रचंड रसद हलविताना या साधनाची उपयुक्तता सिद्ध झाली आणि युद्धानंतर ते जगभर पसरले. युरोपातील रेल्वे कंपन्यांनी १९६१ साली एका ठरावीक मापाचे पॅलेट परस्परांत अदलाबदलीसाठी मान्य केले. त्याचे माप १२०० बाय ८०० मिलिमीटर. त्यात ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे. वजन साधारण २५ किलो, पण त्यावर दीड टन भार तोलता येतो. इतक्या साध्या रचनेत इतके बळ सामावलेले असते, हे सुतारकामाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे.

परंतु लाकूड एकटे प्रवास करीत नाही. त्याच्या पोटात किडेही प्रवास करतात. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेच्या मेपल वृक्षांच्या खोडांना गोल भोके पडलेली आढळली. चीनमधून आलेल्या मालाच्या लाकडी वेष्टनातून एक लांब शिंगांचा भुंगेरा तेथे पोहोचला असावा, असा निष्कर्ष निघाला. त्याची अळी जिवंत खोड पोखरीत जाते, त्यामुळे हजारो झाडे तोडण्यावाचून उपाय उरला नाही. आज बागेला आधार देऊ पाहणारे हेच लाकूड एकेकाळी शहरांच्या सावलीचा घात करीत होते, ही बाब विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावी.

अशा अनुभवांतून २००२ साली लाकडी वेष्टनांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारण्यात आले. परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर त्यानुसार डागून अथवा छापून एक शिक्का उमटविला जातो. डाव्या बाजूस गव्हाच्या ओंबीची आकृती, शेजारी देशाची दोन अक्षरी खूण, मग उत्पादकाचा क्रमांक आणि शेवटी उपचाराची खूण. भारतातील लाकडावर देशाची खूण ‘आयएन’ अशी रोमन अक्षरांत असते. उपचाराच्या जागी ‘एचटी’ असल्यास लाकूड भट्टीत तापवून, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानात सलग ३० मिनिटे ठेवले आहे, असा अर्थ होतो. ‘एमबी’ असल्यास त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. हा वायू ओझोनचा थर विरळ करतो. म्हणून मॉन्ट्रियल करारान्वये त्याच्या बहुतेक उपयोगांवर निर्बंध आले, मात्र परदेशी मालाच्या धुरीसाठी सवलत राहिली. भाजीच्या वाफ्यासाठी ‘एचटी’ खुणेचे लाकूड घ्यावे आणि ‘एमबी’ खुणेचे बाजूला ठेवावे, हा नियम पाचवीतील विद्यार्थीही पाळू शकतो.

देशांतर्गत फिरणाऱ्या पॅलेटवर हा शिक्का बहुधा नसतो, कारण ते मानक आंतरराष्ट्रीय व्यापारापुरतेच आहे. शिक्का नाही म्हणजे लाकूड वाईट, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. त्याचा इतिहास लिहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेथे चौकशी करावी लागते. पॅलेट कोणत्या कारखान्यातून आले? त्यावर काय ठेवलेले होते? बडोद्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण नंदेसरी ही मुख्यतः रासायनिक उद्योगांची वसाहत आहे आणि रसायनांची पिंपेही पॅलेटवरच उभी असतात. पिंपातून सांडलेला द्रव लाकडात मुरतो आणि वरून धुतल्याने जात नाही. डाग, तेलकटपणा, उग्र वास किंवा जुना रंग आढळल्यास असे पॅलेट कितीही मजबूत असले तरी बागेत आणू नये. बिस्किटे, कागद, फरशा, काचसामान यांसाठी वापरलेले कोरडे लाकूड तुलनेने भरवशाचे.

चौकशीचा आणखी एक भाग मालकीचा आहे. काही पॅलेटे भाड्याने फिरणारी असतात. ती ठरावीक रंगाने रंगविलेली असून त्यांवर कंपनीचे नाव असते. रस्त्याकडेला पडलेली दिसली तरी ती बेवारस नसतात. उरलेल्या पॅलेटांनाही भारतात किंमत असते, ही बाब परदेशी पुस्तकांतील बागा पाहून भारावलेल्यांच्या ध्यानात येत नाही. येथे मोडके पॅलेट भंगारवाल्याकडे जाते. तो त्याच्या चांगल्या फळ्या काढून दुसरे दुरुस्त करतो, खिळे लोखंडात विकतो आणि उरलेली ढलपी चुलीसाठी देतो. या साखळीत प्रत्येक कडीवर कुणाचे तरी पोट आहे. म्हणून शाळेने पॅलेट फुकट मागण्यापेक्षा भंगारवाल्याकडून रास्त दराने विकत घ्यावे. त्या व्यवहारात विद्यार्थी सोबत असावेत. कोणते लाकूड कुठून आले, हे त्याच्याइतके क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

लाकूड आवारात आल्यावर ते सोडविण्याचे काम दिसते तितके सोपे नसते. पॅलेटचे खिळे पुष्कळदा चुडीदार असतात. पहार घालून फळी उचकटली की खिळा जागच्या जागी राहतो आणि फळी चिरते. दोन लाकडांच्या सांध्यात लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते घालून खिळा मधोमध कापणे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय. हे काम जाणत्या सुताराच्या देखरेखीखाली मोठ्या वर्गांनी करावे. लहानांनी काचकागदाने कुसळे घासावीत. हातमोजे आणि धनुर्वाताची लस यांत हयगय नको.

पहिला प्रकल्प कोणता असावा, याविषयी मतभेद संभवतात. तथापि सर्वांत उपयुक्त प्रकल्प दिसायला सर्वांत साधा आहे. चार पॅलेटे उभी करून, कोपऱ्यांत तारेने बांधून केलेला खतखड्डा, किंबहुना जमिनीवरची खतपेटी. तिची धारणा सुमारे एक घनमीटर भरते, आणि ढीग आतून नीट तापण्यासाठी साधारण तेवढेच आकारमान लागते. फळ्यांमधील फटींतून हवा खेळती राहते. आवारातील कडुनिंब, पिंपळ, आंबा यांचा पालापाचोळा तीन भाग आणि भाज्यांची देठे, साली यांसारखा ओला कचरा एक भाग, असे थर रचून ते ओलसर ठेवावेत व पंधरवड्यातून एकदा खालवर करावेत. तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. शाळेतला पाला जाळण्याची सवय यामुळे सुटते, हा लाभ वेगळाच.

दुसरा प्रकल्प उभ्या बागेचा. पॅलेटच्या मागील बाजूस व तळाशी गोणपाट ठोकून आतील पोकळीत माती आणि खत यांचे मिश्रण भरतात व फटींत रोपे लावतात. रोपे मुळे धरेपर्यंत, म्हणजे दोन आठवडे, ते आडवेच ठेवावे. घाईने उभे केल्यास माती घसरते. या पोकळीची खोली एका हाताच्या पंज्यापेक्षा कमी असते, त्यामुळे वांगी-टोमॅटोचा हट्ट धरू नये. पाणी वरून खाली झिरपते. वरची ओळ लवकर सुकते आणि खालची ओलीच राहते. म्हणून वर कोरफड व पानओवा, मध्ये पालक, मेथी, कोथिंबीर आणि तळाशी पुदिना, ही मांडणी निसर्गाला धरून होते. बडोद्याच्या उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते. त्यासाठी पूर्वेची भिंत निवडावी. आणि ओल्या मातीने भरलेले पॅलेट शंभर किलोंहून अधिक जड होते, हे ध्यानी घेऊन ते भिंतीतील पक्क्या कड्यांना जखडल्याखेरीज एकाही मुलास त्याच्याजवळ जाऊ देऊ नये.

याशिवाय सुट्या फळ्यांचे उंच वाफे करता येतात. दोन पॅलेटे तंबूसारखी एकमेकांना टेकवली की पावसाळ्यात दोडका, कारले, वाल यांच्या वेलांना मांडव मिळतो. पॅलेटच्या फळ्यांची पायवाट मात्र टाळावी. पहिल्या सरीनंतर तिच्यावर शेवाळ धरते आणि पाय घसरतात.

आता टिकाऊपणाचा प्रश्न. बरीच पॅलेटे पाइनसारख्या मऊ लाकडाची असतात. ओल्या मातीशी सतत संबंध आला की हे लाकूड काही वर्षांतच कुजते, आणि वाळवीला ते साखरेसारखे प्रिय असते. पाया विटांवर उचलून घेणे, माती आणि लाकूड यांमध्ये गोणपाटाचा अस्तर घालणे आणि बाहेरून जवसाचे तेल चोळणे यांनी त्याचे आयुष्य काहीसे वाढते. वाळवीवर रामबाण म्हणून इंजिनातून काढलेले जळके ऑइल फासण्याची पद्धत गावोगावी आहे. त्यात जड धातू आणि जळणातून तयार झालेली घातक द्रव्ये असतात. ज्या मातीतली भाजी खायची, तिच्या कुंपणाला ते कदापि लावू नये. तीन-चार वर्षांनी फळी कुजली, तर तिचे खिळे काढून तुकडे त्याच खतपेटीत टाकावेत. जी वस्तू टिकू शकत नाही, तिने विष न सोडता मातीत मिसळावे, एवढी अपेक्षा तिच्याकडून रास्त आहे. शुद्ध लाकूड निवडण्याचे खरे फळ या अखेरच्या टप्प्यावर मिळते.

मराठी माध्यमाच्या शाळेला, विशेषतः महाराष्ट्राबाहेरील शाळेला, या बागेतून आणखी एक गोष्ट लाभते. येथील मूल बाजारात गुजराती बोलते, दूरचित्रवाणीवर हिंदी ऐकते आणि मराठी बहुतांशी घरात व वर्गात वापरते. वाफा, आळे, खुरपणी, विरळणी, कुसळ, ढलपी, चूड हे शब्द त्याला क्रमिक पुस्तकाच्या शेवटी अर्थासह पाठ करावे लागतात. बागेत त्याच शब्दांवाचून काम अडते. ‘विरळणी कर’ म्हटल्यावर दाटीने उगवलेल्या मेथीतील कोणती रोपे उपटायची हे ज्याला कळले, त्याला त्या शब्दाचा अर्थ पुन्हा विचारावा लागत नाही. ‘पॅलेट’ला मराठी प्रतिशब्द नाही, याची खंत बाळगण्याचे कारण नाही, त्या पॅलेटभोवतीचे सारे काम मराठीतून होते, हे पुरेसे आहे.

साठ वर्षांच्या वाटचालीत या शाळेने अनेक पिढ्यांना वाचायला शिकविले. पुस्तक वाचणाऱ्या मुलाने लाकडावरचा शिक्का, फळीवरचा डाग आणि पानावरचा किडीचा मागही वाचावा. एखादी वस्तू वापरण्याआधी तिचा पूर्वेतिहास विचारावा आणि तिच्या शेवटाचीही सोय पाहावी, ही त्याच शिक्षणाची पुढील पायरी होय. एक खतपेटी, एक उभी बाग आणि एक वेलमांडव एवढ्यापासून प्रारंभ करता येईल. येत्या आषाढात वेल लावावेत, दिवाळीनंतर मेथी पेरावी. शाळेच्या अमृत महोत्सवापर्यंत आजची पॅलेटे राहणार नाहीत. परंतु त्यांच्या जागी नवी कोणती निवडावी, हे सांगू शकणारे विद्यार्थी येथे असावेत, अशी या मंगल प्रसंगी शुभेच्छा व्यक्त करून हे व्याख्यान पूर्ण होते.