परत फिरायचं कधी?

16 ऑक्टोबर 1972च्या सकाळी अलास्कातल्या अँकरेजहून एक छोटं सेसना विमान जुनो शहराकडे निघालं. आत होते अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य, हेल बॉग्ज आणि निक बेगिच. सोबत बेगिच यांचे सहायक आणि वैमानिक. निवडणुकीचे दिवस, त्यामुळे वेळेवर पोहोचण्याची निकड. वाटेत पोर्टेज खिंड होती आणि हवा चांगली नव्हती. विमान जुनोला पोहोचलंच नाही. 39 दिवस शोध चालला. विमान सापडलं नाही आणि माणसंही नाहीत. अपघाताचं कारण चौकशी मंडळालाही ठरवता आलं नाही.

अमेरिकेतल्या अलास्का आणि आयडाहोच्या रानात आजही लोक मासेमारीला, शिकारीला, तंबू ठोकून राहायला छोट्या विमानांनी जातात. उतरायला गवताचा किंवा नदीकाठच्या गोट्यांचा पट्टा. दिवे नाहीत, नियंत्रण कक्ष नाही. तिथे वादळ समोर दिसत असेल, तर कुणी उड्डाणच करत नाही. घात करते ती अर्धवट बिघडलेली हवा. रिमझिम पाऊस, डोंगरमाथ्यावर टेकलेले ढग आणि दरीच्या टोकाला दिसणारा थोडासा उजेड. मग वाटतं, अजून जरा पुढे जाऊन बघू.

जमिनीलगतच्या अनियंत्रित आकाशात दिवसा एक मैल, म्हणजे सुमारे 1.6 किलोमीटर पुढचं दिसलं तरी अमेरिकी नियमाला ते पुरतं. पण ताशी 160 किलोमीटर वेगाने हा मैल 36 सेकंदांत संपतो. त्याच वेगात, विमान 30 अंश कलवून मागे वळायचं तर सुमारे 700 मीटर रुंद जागा लागते. दरी पुढे अरुंद होत जाते. म्हणून परत फिरायचं ते दरी रुंद असतानाच, समोर काहीतरी दिसत असतानाच. खिंड ओलांडताना डोंगरधारेकडे सरळ न जाता तिरकं जातात तेही यासाठीच. वळून निसटायला कमी वळावं लागतं.

आणि एकदा ढगात शिरलं की? 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठाने फक्त बाहेर पाहून विमान चालवणाऱ्या 20 जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवून पाहिलं. सगळ्यांचा ताबा सुटला. कुणाचा 20 सेकंदांत, कुणाचा 8 मिनिटांत. सरासरी 178 सेकंद. ढगात शरीर खोटं सांगतं. विमान कलंडत असतं आणि माणसाला ते सरळ चाललंय असं वाटतं.

म्हणून जाणते वैमानिक मर्यादा आदल्या रात्रीच कागदावर लिहितात: ढग इतके खाली आले तर नाही, माथ्यावरचा वारा ताशी 45 किलोमीटरच्या वर गेला तर नाही. आयडाहोत उन्हाळ्यात दुपारी ऊन, वारा आणि गडगडाट वाढतो, म्हणून उड्डाणं सकाळीच उरकतात. अलास्कात खिंडीखिंडीत बसवलेले सरकारी कॅमेरे दर 10 मिनिटांनी ताजं छायाचित्र देतात. शेजारी त्याच जागेचं निरभ्र दिवसाचं चित्र असतं. आज कुठला डोंगर नाहीसा झालाय, ते लगेच कळतं.

खरा ताण मात्र घड्याळाचा. उद्या कामावर हजर व्हायचंय, पाहुण्यांनी पैसे भरलेत, खाण्याचं सामान संपलंय. अलास्काच्या कायद्याने अनेक वर्षं विमानात प्रत्येकाला आठवडाभर पुरेल इतकं अन्न, कुऱ्हाड आणि मासे धरायचं सामान ठेवावं लागायचं. हे अपघातानंतर जगण्यासाठी असलं, तरी पोटाची सोय असलेल्या माणसाला मुक्काम लांबवणं सोपं जातं.

थांबण्याच्या या निर्णयात प्रवाशाचाही वाटा आहे. आपल्याकडेही डोंगरातली हवा अशीच फसवी असते. 15 जून 2025 च्या पहाटे केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळलं आणि सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कुटुंबातले तिघे होते, एक तर अगदी लहानगं लेकरू. त्या वेळी दरीत ढग दाटले होते. डोंगरातल्या अशा प्रवासाला निघताना परतीच्या रेल्वेच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि वैमानिकाला आधीच सांगावं, ‘हवा बिघडली तर आम्ही थांबू, आम्हाला घाई नाही.’